पहिल्या वर्षासाठी विज्ञान-तंत्रज्ञान करिअरची तयारी : ११२ तासांत काय ठेवावं, काय काढावं?

प्रथमवर्ष_समन्वयक

पदवीच्या पहिल्या वर्षातल्या ६० विद्यार्थ्यांसाठी एक जोड-कार्यक्रम आखायचा आहे. उद्देश असा, की पुढे संशोधन, प्रयोगशाळा, सॉफ्टवेअर किंवा उत्पादन यांपैकी कुठेही गेले तरी पाया कच्चा राहू नये. आठवड्याला ४ तास, २८ आठवडे. शिक्षक तीन, शेवटच्या वर्षाचे मदतनीस आठ, एक प्रयोगशाळा, ३० संगणक. मुलं भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि संगणक अशी मिसळ आहेत.

कच्चा आराखडा असा: गणिताची उजळणी ३० तास, पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) ३०, इलेक्ट्रॉनिक्स २०, संवादकौशल्य १६, तज्ज्ञांची व्याख्यानं १६.

कागदावर बेरीज जुळते, पण हे सगळं म्हणजे आधीच्या तासांवर आणखी तास असं दिसतंय. कच्ची आणि पक्की मुलं एकत्र बसवायची का? प्रयोगशाळेत नेमकं काय करून घ्यायचं? आणि शेवटी उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवायचं? कृपया आकडे आणि पायऱ्या द्या. "मुलांना प्रेरणा द्या" हे आम्हालाही माहीत आहे.

---

घातांक

आधी "उजळणी" हा शब्द वेळापत्रकातून काढा. उजळणीचा तास म्हटलं की पक्की मुलं येत नाहीत, आणि कच्च्यांना आपण कच्चे असल्याचा शिक्का बसतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. मुलं मेहनत करत होती, पण एकेकटी. त्यावर त्यांनी सोपी शिकवणी लावली नाही. वर्गापेक्षा अवघड प्रश्न दिले आणि ते गटात सोडवायला बसवलं. तुमचे ३० तास याच धर्तीवर वापरा.

पहिल्या आठवड्यात चाचणी: २४ प्रश्न, ४० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. गुणोत्तर-प्रमाण, घातांक व लॉगरिदम, एककं, आलेख, प्रत्येकी ६. पर्याय असे रचा की चुकीच्या उत्तरावरून चूक कुठली ते कळावं. नमुना: घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी, तर किग्रॅ प्रति घनमीटर किती? पर्याय २७००, ०.००२७, ०.२७ आणि २७,००,०००. ज्याने ०.००२७ निवडलं त्याने फक्त ग्रॅमचे किलो केले. ०.२७ वाल्याने १ घन सेंमी म्हणजे ०.०१ घनमीटर धरलं, म्हणजे घन करायचा विसरला. २७ लाखवाल्याने आकारमान बरोबर बदललं आणि ग्रॅम तसेच ठेवले. तिघांनाही "एककं कच्ची" एवढंच म्हणून सोडलं तर चाचणी घेतल्याचा फायदा शून्य.

गट ७ ते ८ जणांचे. आठ मदतनीस म्हणजे आठ गट, तुमचं गणित आपोआप बसतंय. सगळे कच्चे एका गटात टाकू नका. आणि एखाद्या गटात एकच मुलगी, किंवा दुसऱ्या माध्यमातून शिकलेला एकच मुलगा, असं होऊ देऊ नका. असा एकटा पडलेला बोलत नाही आणि थोड्याच दिवसांत यायचा थांबतो.

दोन तासांची विभागणी: १० मिनिटं प्रत्येकाने एकट्याने प्रश्न वाचून पहिली ओळ लिहायची. हे गाळलं तर एक जण सोडवतो आणि सात जण माना डोलावतात. मग ७० मिनिटं फळ्यावर गटाने, २५ मिनिटं प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहायचं, १५ मिनिटं दोन प्रश्नांची छोटी चाचणी.

प्रश्न सगळ्या शाखांना चावता येतील असे हवेत. उदाहरणार्थ, पीएच (हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचा उणे लॉगरिदम) ३ आणि ५ असलेली तीव्र आम्लाची दोन द्रावणं सारख्या आकारमानाने मिसळली तर पीएच किती? निम्मा वर्ग ४ म्हणतो. हायड्रोजन आयनांची सरासरी काढली तर उत्तर सुमारे ३.३ येतं, कारण पहिल्या द्रावणात आयन शंभरपट आहेत. लॉगरिदमची सरासरी म्हणजे सरासरीचा लॉगरिदम नव्हे, हे या एका प्रश्नात जेवढं ठसतं तेवढं सूत्रांच्या तक्त्याने ठसत नाही.

१६ आठवडे, आठवड्याला २ तास, म्हणजे ३२ तास पुरे.

---

लीस्टकाउंट

गणिताबद्दल वर जे लिहिलंय त्याला माझी हरकत नाही. प्रयोगशाळेबद्दल मात्र आधी एक अट: जोडीने काम. चार जणांच्या गटात एक करतो, एक लिहितो आणि दोघे बघतात. ६० मुलं आणि एकच खोली म्हणजे ३०-३० च्या दोन तुकड्या करा. एका आठवड्यात पहिली तुकडी प्रयोगशाळेत, दुसरी संगणकावर. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. अशाने ३० संगणकही पुरतात आणि १५ जोड्यांना टेबलंही.

पहिले दोन महिने महागड्या उपकरणांना हात लावू नका. साधा लंबक घ्या. चेष्टा वाटेल, पण मोजमापाबद्दल जे शिकवायचं ते बहुतेक त्यात आहे.

लांबी १ मीटर असेल तर आवर्तकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) सुमारे २.०१ सेकंद. एकच दोलन स्टॉपवॉचवर मोजलं तर हात चालायला लागणारे ०.२ सेकंद म्हणजे १० टक्के चूक. २० दोलनं मोजली की तीच ०.२ सेकंद ४० सेकंदांवर पसरते, चूक अर्ध्या टक्क्यावर येते. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून तिथे ती दुप्पट होऊन १ टक्का. लांबीत २ मिलिमीटर चुकले तर ०.२ टक्के. म्हणजे लांबी आणखी बारीक मोजण्यात वेळ घालवायचा की जास्त दोलनं मोजायची, हे मुलांनी आकडेमोड करून *आधी* ठरवायचं. नंतर "त्रुटींची कारणं" म्हणून वहीत वाऱ्याला दोष देणं बंद.

आता हमखास होणाऱ्या चुका. घड्याळ सुरू करताना "एक" म्हणून मोजायला सुरुवात केली की प्रत्यक्षात १९ दोलनं होतात आणि २० ने भागलं जातं. गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येतं. असं उत्तर दिसलं की मोजणी शून्यापासून करायला लावा. दुसरी चूक, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंत मोजणं. गोळा २ सेंमी व्यासाचा असेल तर १ सेंमी कमी धरला जातो. इथे आलेखाची गंमत बघा. आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि मोजलेली लांबी आडव्या अक्षावर घेतली की रेषेचा चढ बरोबरच येतो, मीटरला सुमारे ४.०२ सेकंद-वर्ग. पण रेषा शून्यातून न जाता ०.०४ च्या आसपास वर छेदते. त्या ०.०४ ला ४.०२ ने भागलं की हरवलेला १ सेंमी हाती येतो. एकाच लांबीवर सूत्र लावणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही. आलेख का काढायचा याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

तिसरी चूक, फार मोठा झोका. १० अंशांना आवर्तकाल ०.२ टक्क्यांनी वाढतो, ३० अंशांना १.७ टक्क्यांनी.

वही बांधलेली, पानांना क्रमांक, शाईने लिहिलेली. चुकलेलं रीडिंग एका रेघेने खोडायचं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. कच्च्या कागदावर लिहून घरी सुबक उतरवलेलं जर्नल इथे चालणार नाही. तारीख, उपकरणाचा क्रमांक आणि लीस्ट काउंट (उपकरणावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) हे पहिलं रीडिंग घेण्याआधी लिहायचं. दर वेळी शेवटची १० मिनिटं वह्यांची अदलाबदल करा आणि शेजारच्या जोडीला फक्त वही वाचून एक रीडिंग पुन्हा घ्यायला सांगा. जमलं नाही तर वही अपुरी. गुण सुबकपणाला नाहीत, यालाच आहेत.

---

अर्धविराम

पायथनचे ३० तास जास्त आहेत. व्हेरिएबल, लूप, फंक्शन, लिस्ट अशा क्रमाने शिकवत गेलात तर दहाव्या तासाला जीवशास्त्रवाल्यांना हे आपलं नाही असं वाटणार. २० तास ठेवा आणि पहिल्याच तासाला लीस्टकाउंट यांच्या लंबकाची रीडिंग हातात द्या. फाइल वाचणं, आलेख काढणं, रेषा बसवणं. लूप मध्येच गरजेपुरता येईल.

हे चार सापळे मुद्दाम समोर ठेवा.

अंश आणि रेडियन: पायथन कोन रेडियनमध्ये धरतो, म्हणून ३० अंश समजून ३० ची साइन विचारली की ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं. प्रोग्राम चुकीचा संदेश देत नाही, गुमान चुकीचं उत्तर देतो.

दशांश: ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी बरोबर आहे का विचारलं तर "नाही" येतं, कारण संगणकात ती ०.३०००००००००००००००४ आहे. फरक एका ठरावीक मर्यादेपेक्षा कमी आहे का, असं तपासायला शिकवा.

स्प्रेडशीट: मानवी जनुकांची सेप्ट१, मार्च१ अशी नावं एक्सेल तारखा समजून बदलत असे. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली, सेप्टिन१ आणि मार्चएफ१. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेत नोंदले गेले नाहीत, कारण जुन्या एक्सेल फाइलच्या प्रकारात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. म्हणून नियम: मूळ माहितीची फाइल फक्त वाचायची, तिच्यात हाताने काही बदलायचं नाही. बदल करायचा तो प्रोग्रामने, दुसऱ्या फाइलमध्ये.

एककं: १९९९ मध्ये मंगळाकडे पाठवलेलं एक यान नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-बल-सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. फरक ४.४५ पटींचा. म्हणून स्तंभाच्या नावातच एकक लिहायचं: "लांबी_मी", "काळ_से".

गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) तिसऱ्या सत्रापासून. सगळ्या आज्ञा शिकवू नका. नोंद करणं, जुन्या नोंदीकडे परतणं, दोघांचे बदल एकत्र करणं, एवढंच. नाहीतर प्रकल्पाच्या शेवटी "फायनल", "फायनल२" आणि "खरंच_फायनल" अशा तीन फाइली येतात आणि चालणारी चौथीच कुठेतरी असते.

---

प्रथमवर्ष_समन्वयक

हे कामाचं आहे. दोन शंका. एक, मदतनीस हुशार आहेत, पण मुलं अडली की सरळ उत्तर सांगून मोकळे होतात. दोन, जीवशास्त्राची मुलं इलेक्ट्रॉनिक्सचे २० तास टाळणार हे दिसतंय.

---

पाटीपेन्सिल

मदतनिसांपुरतं सांगतो. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात रसायनशास्त्रासाठी अशी गटपद्धत उभी राहिली. तिच्यात गटप्रमुखाकडे उत्तरांची यादी दिलीच जात नाही. तुम्हीही देऊ नका. मदतनिसांनी पुढच्या आठवड्याचा प्रश्नसंच आधी शिक्षकांसोबत बसून स्वतः सोडवायचा, तासभर, दर आठवड्याला, चुकवायचा नाही. कुठे अडलो हे त्यांनी लिहून ठेवायचं. मुलंही बहुधा तिथेच अडतात.

तीन वाक्यं पाठ करून घ्या: "हे तुला कशावरून वाटलं?", "एकक काय येईल?", "तुझ्या शेजारच्याला हे पटलं का, विचार." खडू मदतनिसाच्या हातात दिसला की समजायचं बिघडलं.

आणि त्यांना मानधन किंवा श्रेयांक द्या. फुकट कामावर आलेला मदतनीस परीक्षेच्या महिन्यात दिसत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

---

तांबडीतार

इलेक्ट्रॉनिक्स वेगळा विषय म्हणून ठेवू नका, मोजमापाचं पुढचं पाऊल म्हणून आणा. जीवशास्त्रवाल्याला डायोडमध्ये रस नसतो, पण इनक्युबेटरचं तापमान रात्रभर खरंच ३७ अंश राहिलं का यात असतो. तेव्हा लंबक वगैरेनंतर प्रयोगशाळेची चार सत्रं तापमान-नोंदणीला द्या.

दर जोडीला आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची फळी), तापमानाचा एलएम३५ सेन्सर, एक मल्टिमीटर, एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर आणि जोडतारा.

पहिलं सत्र फक्त एलईडी आणि मल्टिमीटर. ५ व्होल्टमधून एलईडीवर साधारण २ व्होल्ट जातात, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर, म्हणजे १४ मिलिअँपिअरच्या आसपास. आधी वहीत हिशेब, मग मोजणी. फ्यूज इथेच उडतात: प्रोब (मल्टिमीटरची मोजायची तार) विद्युतधारेच्या भोकात राहिलेला असताना कोणी व्होल्टेज मोजायला जातो आणि मल्टिमीटर सरळ पुरवठ्याला आडवा लागतो. त्यानंतर व्होल्टेज नीट दिसतं, धारा मात्र कायम शून्य, आणि पुढची जोडी तासभर स्वतःचं सर्किट तपासत बसते. सत्र संपल्यावर प्रोब व्होल्टच्या जागी परत लावणं हे वही तपासण्याइतकंच सक्तीचं करा. लांब ब्रेडबोर्डांवर कडेची पुरवठ्याची पट्टी बरेचदा मधोमध तुटलेली असते, तेही सांगून ठेवा.

दुसरं सत्र सेन्सर. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ऊनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी ४.९ मिलिव्होल्ट, जवळजवळ अर्धा अंश. आलेख जिन्यासारखा येतो तो यामुळे. शिवाय यूएसबीतून ५ ऐवजी ४.८ व्होल्ट येत असतील तर प्रत्येक रीडिंग ४ टक्क्यांनी जास्त. यावर उपाय, चिपमधला १.१ व्होल्टचा संदर्भ (ज्याच्याशी ताडून ऊनो मोजतो ते व्होल्टेज) वापरणं. पायरी ०.१ अंशावर येते आणि यूएसबीशी संबंध सुटतो. पण तो संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून एकदा मोजून घ्यायचा. संदर्भ बदलल्यावरची पहिली काही रीडिंग टाकून द्यायची.

तिसरं सत्र तुलना. इथे एक छान खड्डा आहे. सगळ्यांना बर्फाच्या पाण्यात ० अंश तपासायचं सुचतं. साध्या जोडणीत एलएम३५ साधारण २ अंशांच्या खाली नीट वाचूच शकत नाही, कारण त्याचं आउटपुट शून्य व्होल्टपर्यंत पोचत नाही. तेव्हा प्रोग्राममधली चूक शोधण्यात तास जातो. शोधू द्या, मग डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) उघडा. नंतर २५ ते ६० अंशांच्या पाण्यात काचेच्या थर्मामीटरशी पाच ठिकाणी तुलना. सेन्सरचे पाय पाण्याला उघडे राहिले तर रीडिंग भरकटतं. आकसणारी नळी चढवून तोंड इपॉक्सीने बंद करा आणि इपॉक्सी आदल्या दिवशी लावा.

चौथं सत्र रात्रभर चालवणं. लॅपटॉप झोपला की नोंदणी थांबते, ही पहिली अडचण. दुसरी जास्त लपलेली: "१००० मिलिसेकंद थांब" असं लिहिलं की प्रत्येक फेरीत थांबण्याचा १ सेकंद अधिक कामाचा वेळ जातो. काम १५ मिलिसेकंदांचं असेल तर २४ तासांत घड्याळ २१ मिनिटांनी मागे पडतं. म्हणून नोंदींची संख्या म्हणजे सेकंद असं न धरता प्रत्येक नोंदीसोबत वेळ लिहायची.

इथून पुढे प्रकल्प आपोआप सुटतात. कंपोस्टच्या ढिगाचं तापमान, अभिक्रियेत सुटणारी उष्णता, खोलीतल्या पंख्याचा परिणाम. शाखा कुठलीही असो.

---

खुर्चीपलीकडे

करिअरच्या भागाबद्दल. संवादकौशल्याचे १६ तास आणि व्याख्यानांचे १६ मिळून ३२ होतात. ते ८ करा. उरलेले २४ तास आणि पायथनमधून वाचलेल्या दहांपैकी चार प्रकल्पाला टाका, म्हणजे प्रकल्पाला २८ मिळतील. सांगायला काही असल्याशिवाय संवाद कशाचा करणार?

८ तासांत चार कामं, प्रत्येकी २ तास.

जाहिराती वाचणं. प्रत्येकाने आपल्याला हव्याशा २० जागांच्या जाहिराती घ्यायच्या आणि तीन स्तंभ करायचे: काय करावं लागेल, कशाने, आणि ते येतं याचा पुरावा म्हणून आपल्याकडे काय आहे. तिसरा स्तंभ रिकामा असतो. तो भरणं हीच पुढच्या दोन वर्षांची यादी.

एक पानी माहितीपत्रक. "तापमान मोजणारं यंत्र बनवलं" हे वाक्य कुणालाही लिहिता येतं. "एलएम३५ आणि ऊनो वापरून २५ ते ६० अंशांत काचेच्या थर्मामीटरशी पाच ठिकाणी तुलना केली, रात्रभरची नोंद घेतली, घड्याळाचा सरकाव शोधून दुरुस्त केला" हे ज्याने केलं त्यालाच लिहिता येतं. क्रियापद, साधन, आकडा, आणि बिघडलेलं काय सुधारलं. "टीमवर्क" आणि "झटपट शिकणारा" हे शब्द खोडायला लावा.

पत्र. संशोधनाची उन्हाळी संधी मागणारं पत्र १५० शब्दांच्या आत. पहिल्या दोन ओळींत त्या प्रयोगशाळेच्या कुठल्या कामाबद्दल आणि कोणता प्रश्न पडला ते. मग स्वतःला काय करता येतं, किती आठवडे मोकळे आहोत. एकच पत्र ५० जणांना पाठवलं तर वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीला कळतं.

मुलाखत. दोन मिनिटांत स्वतःचा प्रकल्प फळ्यावर सांगायचा आणि समोरच्याने तीनच प्रश्न विचारायचे: मोजमापात अनिश्चितता किती? हे चुकलं असतं तर तुला कसं कळलं असतं? पुन्हा केलं तर काय बदलशील? तिसऱ्यावर सगळे बोलतात, पहिल्यावर सगळे थांबतात.

पाहुणा बोलवायचाच तर भाषणाला बोलवू नका, प्रकल्पाच्या मध्यावर टेबलांवरून फिरायला बोलवा.

---

घातांक

उपयोग झाला का, हा तुमचा प्रश्न मागे राहिला. पहिल्या आठवड्याची चाचणी उत्तरं न सांगता जपून ठेवा आणि शेवटच्या आठवड्यात तीच घ्या. नुसता गुणांतला फरक बघू नका. जेवढं वाढायला वाव होता त्यातलं किती वाढलं ते काढा: ४० चे ५८ झाले तर ६० पैकी १८, म्हणजे ०.३. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये यामिकीच्या (भौतिकशास्त्रातल्या गती आणि बलाच्या भागाच्या) ६२ वर्गांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे आकडे असेच मांडले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०.२३, मुलांना करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. तुमची चाचणी त्यांची नाही, त्यामुळे आकडा शेजारी ठेवून मिरवू नका. पण ०.२ च्या आसपास अडकलात तर गटांत काहीतरी चुकतंय असं धरायला हरकत नाही.

दोन फसव्या जागा. फक्त कमी गुणांची मुलं निवडून पुन्हा चाचणी घेतली तर काही न शिकवताही सरासरी थोडी वर येते, कारण त्यातल्या काहींचा पहिला दिवस नुसताच वाईट गेलेला असतो. आणि स्वतःहून आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना केली तर तुम्ही कार्यक्रम मोजत नाही, उत्साह मोजता. ६० जागांना जास्त अर्ज आले तर चिठ्ठ्या टाका. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही तेच तुमचा तुलनेचा गट.

---

लीस्टकाउंट

हेकच्या आकड्यांबद्दल थोडं सबुरीने. तिथले शिक्षकही बरेचसे उत्साही होते, म्हणजे तुम्ही सांगितलेला दुसरा फसवेपणा तिथेही काही प्रमाणात आहे. २०१४ चं २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण याहून भक्कम वाटतं. नापासांचं प्रमाण व्याख्यानांच्या वर्गांत ३३.८ टक्के, करून शिकण्याच्या वर्गांत २१.८. दिशा एकच आहे, त्यामुळे निर्णय बदलत नाही.

चाचणीत मात्र प्रयोगशाळेचा काहीच भाग नाही. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला एक अनोळखी वही द्या आणि त्यातली पेरून ठेवलेली चूक २० मिनिटांत शोधायला सांगा. १९ दोलनांची द्या, नाहीतर गोळ्याच्या वरच्या टोकाची.

---

प्रथमवर्ष_समन्वयक

नवा आराखडा असा बसला: सुरुवातीची चाचणी २ तास, गटात प्रश्न सोडवणं ३२, प्रयोगशाळा २०, संगणक २०, प्रकल्प २८, करिअर ८, शेवटची चाचणी आणि वहीतली चूक मिळून २. बेरीज ११२. पहिल्या आठवड्यात २ तास चाचणी आणि २ तास गट. १६ व्या आठवड्यापर्यंत गटाचे २ तास चालू. दुसरे २ तास दुसऱ्या ते २१ व्या आठवड्यापर्यंत प्रयोगशाळा-संगणक अदलाबदल, म्हणजे प्रत्येकाला दोन्हीकडे १० सत्रं. बाकी सगळं १७ व्या आठवड्यापासून रिकाम्या होणाऱ्या तासांत.

एकच राहिलं. प्रकल्पाचे विषय मुलांनी ठरवायचे की आम्ही यादी द्यायची?

---

तांबडीतार

यादी द्या, पण विषयांची नको, प्रश्नांची: "कंपोस्टचा ढीग रात्री किती वाजता सगळ्यात थंड असतो?" या प्रकारची. १७ व्या आठवड्यात प्रत्येक जोडीकडून एका पानावर चार गोष्टी लिहून घ्या: काय मोजणार, किती अंतराने, किती अनिश्चितता चालेल, आणि पहिल्या दोन आठवड्यांत काय चालू झालेलं दिसेल. चौथ्या ओळीत "माहिती गोळा करणे" असं लिहून आलं तर पान परत. आणि सुटे भाग १२ व्या आठवड्यातच मागवा, सेन्सर जोड्यांच्या दीडपट. उलटा जोडलेला एलएम३५ चटका बसेल इतका तापतो आणि बहुतेकदा कामातून जातो, आणि तो उलटा जोडला जाणारच.